गिऱ्हाइकाच्या प्रश्नापासून व्हिडिओपर्यंत: छोट्या व्यवसायासाठी सविस्तर मार्गदर्शक

छोटा व्यवसाय चालवणारा माणूस दिवसभर तेच ते प्रश्न ऐकत असतो. ‘हे किती टिकेल?’, ‘या दोन्हींतलं कुठलं घेऊ?’, ‘दुरुस्त होईल की नवंच घ्यावं लागेल?’ वर्षानुवर्षांच्या सवयीने तो उत्तरं इतक्या सहज देतो की त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्याला वाटेनासं होतं. ‘व्हिडिओ करायचाय, पण विषयच सुचत नाही’ अशी तक्रार मग तोच करतो. विषय त्याच्या समोर रोज उभे असतात. एखाद्याने विचारलेल्या प्रश्नाचं, त्याला तोंडी देतो तसंच नेमकं आणि खरं उत्तर कॅमेऱ्यासमोर द्यायचं, एवढ्यावर छोट्या व्यवसायाचं व्हिडिओचं काम उभं राहू शकतं. त्याला स्टुडिओ लागत नाही, अभिनय लागत नाही आणि महागडा कॅमेराही लागत नाही. लागते ती थोडी तयारी. ती कशी करायची ते इथे क्रमाने मांडतो.

प्रश्नांची वही

चित्रीकरणाच्या आधी आठ-पंधरा दिवस फक्त लिहा. समोर आलेल्या माणसाने, फोनवर, मेसेजमध्ये विचारलेला प्रत्येक प्रश्न वहीत उतरवा आणि तो विचारणाऱ्याच्याच शब्दांत उतरवा. तुम्ही ‘साखळीची झीज’ म्हणत असाल. गिऱ्हाईक म्हणतं ‘सायकलची चेन सारखी घसरते’. शोधतानाही ते हेच टाइप करणार आहे. व्यवसायातली परिभाषा वापरून दिलेलं शीर्षक बरोबर असूनही त्याला सापडत नाही.

वही भरली की प्रश्न वेगळे काढा. काही प्रश्न घेण्याआधीचे असतात, कुठलं निवडू या प्रकारचे. काही शंकेचे असतात: फसवलं तर जाणार नाही ना, काम नीट होईल ना. काही घेतल्यानंतरचे: कसं वापरायचं, कसं जपायचं. या तिसऱ्या प्रकाराकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं, आणि मला तोच सगळ्यांत मोलाचा वाटतो. ज्याने तुमच्याकडून वस्तू घेतली त्याला ती नीट वापरता आली, तर तो परत येतो आणि दुसऱ्यालाही सांगतो. शिवाय तो व्हिडिओ पाहणारा नवा माणूस मनाशी म्हणतो की हे लोक विकून मोकळे होत नाहीत.

आता निवड. दोन कसोट्या लावा: प्रश्न वारंवार येतो का, आणि उत्तर डोळ्यांनी दाखवण्यासारखं आहे का. दुकान किती वाजता उघडतं, याचा व्हिडिओ करू नका. ते एका ओळीत लिहून टाका. कापड धुतल्यावर किती आटतं, कुंडीतलं रोप कधी बदलायचं, चष्म्याची काडी सैल झाली तर काय करायचं, ही दाखवण्याची उत्तरं आहेत. किमतीचा प्रश्न आला आणि किंमत कामागणिक बदलत असली, तर ती कशाकशावर ठरते ते सांगा. हा विषय लोक टाळतात. पण ‘किंमत इनबॉक्समध्ये विचारा’ असं वाचून निघून गेलेलं गिऱ्हाईक परत विचारायला येत नाही.

निवडलेला प्रश्न यूट्यूबच्या शोधचौकटीत टाइप करायला लागा. तुमचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत खाली ज्या ओळी सुचवल्या जातात, त्यातून लोक हीच गोष्ट कशी विचारतात ते कळतं. त्या विषयावर आधी असलेले दोन-चार व्हिडिओ पाहा आणि त्यांच्याखालच्या प्रतिक्रिया तर जरूर वाचा. ‘सगळं सांगितलं, पण अमुक सांगितलंच नाही’ असं कुणीतरी लिहिलेलं असतंच. तिथे तुमच्या व्हिडिओला जागा आहे.

सुरुवातीला पाच प्रश्न पुरेत. एका व्हिडिओत एकच प्रश्न घ्या.

बोलायचं काय

व्हिडिओ उघडणारा माणूस पहिल्या काही सेकंदांत ठरवतो की थांबायचं की पुढे जायचं. तो वेळ ‘नमस्कार मंडळी, आपल्या चॅनेलवर आपलं स्वागत आहे, आधी लाइक करा’ यात घालवू नका. लोगो फिरवून आणणारी सुरुवातीची पट्टीही नको. पहिलं वाक्य म्हणजे गिऱ्हाइकाचा प्रश्न, जसाच्या तसा. दुसऱ्या वाक्यात उत्तराचा गाभा. मग दाखवणं. शेवटी पुढे काय करायचं, ते एका वाक्यात.

सायकल दुरुस्त करणाऱ्याचं उदाहरण घेऊ. त्याची संहिता अशी होईल:

‘सायकलची चेन बदलायची वेळ आली हे कसं ओळखायचं? घरात इंचांची पट्टी असली तरी कळतं. चेन ताणून धरा, एका पिनेच्या मध्यावर पट्टीचा शून्य ठेवा आणि पुढच्या पिना मोजत जा. नव्या चेनमध्ये चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर येते. ही बघा, इथे ती पाऊण सूत पुढे सरकलीय. साधारण अर्धं सूत, म्हणजे एक सोळांश इंच पुढे गेली, की चेन बदलायची. अशीच चालवत राहिलात तर मागच्या चक्राचे दातेही झिजतात आणि चेनबरोबर तेही बदलावं लागतं. तुमची चेन मोजून बघा. शंका वाटली तर पट्टी लावलेला फोटो मला पाठवा.’

मोठ्याने वाचून पाहा. हे मिनिटभरातच संपतं. यात स्वतःची स्तुती एका शब्दाने नाही, तरी बोलणाऱ्याला काम येतं हे ऐकणाऱ्याला पटतं. शेवटची विनंती एकच आहे आणि ती सोपी आहे. फोन करा, सबस्क्राइब करा, शेअर करा, भेट द्या असं एका दमात सांगितलं की त्यातलं काहीच घडत नाही.

‘सगळं सांगून टाकलं तर माझ्याकडे कोण येईल?’ ही भीती खूप जणांना असते. चेन स्वतः बदलणारा माणूस तसाही तुमच्याकडे येणार नव्हता. बाकीच्यांना साधनं नसतात, वेळ नसतो, हात काळे करायचे नसतात. त्यांना फक्त भरवशाचा माणूस हवा असतो. ज्याने काही न मागता खरं सांगितलं, त्याच्याकडे ते जातात. म्हणून हातचं राखून सांगू नका. तुमची वस्तू कुणासाठी योग्य नाही, हेही मोकळेपणाने सांगा. चुकीचं गिऱ्हाईक परत पाठवण्याचा त्रास वाचतो आणि बाकीच्या शब्दांना वजन येतं.

संहिता पाठ करू नका. पाठ केलेलं बोलताना नजर आत वळते आणि आवाज सपाट होतो. कागदावर चार-पाच मुद्दे लिहा, तो कागद लेन्सच्या अगदी शेजारी चिकटवा आणि एका ओळखीच्या गिऱ्हाइकाशी बोलताय असं समजून बोला. त्याला ‘तुम्ही’ म्हणत असाल तर व्हिडिओतही ‘तुम्ही’च, ‘प्रेक्षकहो’ नको. बोलीही तुमची नेहमीचीच ठेवा.

कॅमेऱ्यासमोर चेहरा आणायचा संकोच वाटत असेल तर हात दाखवा आणि आवाज द्या. दुरुस्ती, शिवण, बांधणी, मोजमाप अशा कामांत हातच जास्त बोलके असतात. मात्र सेवा देण्यासाठी तुम्ही कुणाच्या घरी जात असाल, तर कधी ना कधी चेहरा दाखवा. दारात येणारा माणूस आधी पाहिलेला असणं हा फार मोठा दिलासा असतो.

आवाज

पैसे खर्च करायचेच असतील तर पहिला खर्च माइकवर, दुसरा ट्रायपॉडवर आणि दिव्यावर सगळ्यांत शेवटी. जरा धूसर चित्र लोक चालवून घेतात. घुमणारा, दूरून आल्यासारखा आवाज मात्र अर्ध्या मिनिटात कंटाळा आणतो, कारण प्रत्येक शब्द ऐकण्यासाठी मेहनत घ्यावी लागते.

आवाजाच्या बाबतीत अंतर हाच मुख्य मुद्दा आहे. तोंड आणि माइक यांच्यातलं अंतर निम्मं केलं की मोकळ्या जागेत आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने वाढते. खोलीचा घुमारा आणि रस्त्याची गडबड आहे तिथेच राहते. म्हणून दोन मीटरवर ठेवलेल्या चांगल्या मोबाइलपेक्षा हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावलेला साधा कॉलर माइक सरस ठरतो. घेताना तुमच्या मोबाइलला कुठली पिन लागते ते पाहून घ्या: जुनी गोल ३.५ मिलिमीटरची, टाइप-सी की लाइटनिंग. कॉलरवर लावल्यावर तो दुपट्ट्याला, साखळीला किंवा कडक कापडाला घासत नाही ना, हे बघा.

माइक नसला तरी अडत नाही. दुसरा मोबाइल घ्या, त्यातलं रेकॉर्डर सुरू करा आणि तो वरच्या खिशात ठेवा. चित्रीकरण सुरू झालं की एकदा टाळी वाजवा. नंतर जोडणी करताना दोन्ही फायलींच्या आवाजाच्या रेषेत टाळीचा उंचवटा दिसतो. ते दोन उंचवटे एकावर एक आणले की चित्र आणि आवाज जुळतात.

खोली रिकामी आणि भिंती उघड्या असतील तर आवाज घुमणारच. पडदे, गाद्या, कपड्यांचा ढीग, पुस्तकांनी भरलेलं कपाट यांनी तो शोषला जातो. मालाने भरलेली कोठीची खोली बहुतेकदा पुढच्या चकचकीत भागापेक्षा आवाजासाठी चांगली असते. पंखा आणि वातानुकूलन बंद करा, मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका. मग दहा सेकंद रेकॉर्ड करून इयरफोन लावून ऐका. पूर्ण व्हिडिओ झाल्यावर आवाजच नव्हता असं कळण्याचा मनस्ताप या दहा सेकंदांनी वाचतो.

प्रकाश आणि कॅमेरा

खिडकी हा सगळ्यांत चांगला दिवा. तिच्याकडे तोंड करा, किंवा ती थोडी बाजूला येईल असे उभे राहा. खिडकी पाठीमागे घेतलीत तर मोबाइल बाहेरच्या उजेडाप्रमाणे स्वतःला जुळवतो आणि तुमचा चेहरा काळा पडतो. ऊन थेट येत असेल तर खिडकीवर पातळ पांढरं कापड लावा. सावल्या मऊ होतात आणि चकचकीत वस्तूंवरचे पांढरे डाग कमी होतात. दुसऱ्या बाजूला अंधार वाटला तर पांढरा पुठ्ठा उभा करा, तो उजेड परतवतो.

खिडकीचा उजेड वापरत असाल तर खोलीतले पिवळे बल्ब बंद ठेवा. पिवळ्या बल्बचं रंगतापमान २७०० ते ३००० केल्विनच्या आसपास, तर दिवसाच्या उजेडाचं साधारण ५५०० ते ६५००. दोन्ही एकत्र आले की चेहऱ्याची एक बाजू नारिंगी आणि दुसरी निळसर दिसते. कापड, रंग, दागिने विकणाऱ्यांनी तर याची काळजी घ्यायलाच हवी. व्हिडिओतला रंग आणि हातात आलेला रंग वेगळा निघाला की माल परत येतो.

चित्रात पट्टे सरकताना दिसले तर तो दिव्यांचा दोष. ५० हर्ट्झच्या विजेवर चालणारे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. मोबाइल कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये, म्हणजे जिथे सेटिंग हाताने बदलता येतात तिथे, शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवला की पट्टे सहसा जातात. जिथे वीज ६० हर्ट्झची आहे तिथे १/६० किंवा १/१२०.

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात. आधी लेन्स मऊ कापडाने पुसा. खिशातून काढलेल्या मोबाइलच्या लेन्सवर बोटांचं तेल असतंच, आणि धुरकट चित्रामागे बहुधा तेच असतं. पुढच्यापेक्षा मागचा कॅमेरा वापरा. सेटिंग १०८०पी, सेकंदाला ३० फ्रेम. ४के ची गरज नाही, ते फक्त मोबाइलची जागा खातं. झूम करू नका, मोबाइलच जवळ न्या. पडद्यावर वस्तूवर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड कुलूपबंद होतो. हे केलं नाही तर हात हलला की चित्र सारखं उजळतं आणि मावळतं.

उभा की आडवा? शॉर्ट्स, रील्स आणि स्टेटससाठी उभा, म्हणजे ९:१६. तीन मिनिटांहून मोठं, सावकाश समजावून सांगायचं असेल तर आडवा, १६:९. सुरुवात उभ्यानेच करा असं मी सुचवेन. त्यात महत्त्वाचं काही अगदी तळाशी किंवा उजव्या कडेला ठेवू नका, तिथे ॲपची बटणं आणि नाव येतं.

चित्रीकरणाचा दिवस

रोज थोडं थोडं करण्यापेक्षा एकाच बैठकीत तीन-चार व्हिडिओ उरकावेत. मांडणी, माइक, उजेड एकदाच जुळवावा लागतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या व्हिडिओपर्यंत जीभही मोकळी होते.

प्रत्येक व्हिडिओसाठी आधी बोलणं पूर्ण करा. चूक झाली तर थांबा, श्वास घ्या आणि ते वाक्य पहिल्यापासून म्हणा; मधला तुकडा नंतर कापता येतो. मग हातांची दृश्यं वेगळी घ्या: लांबून, जवळून, अगदी जवळून आणि काम झाल्यावरचं. प्रत्येक दृश्य मोबाइल न हलवता दहा सेकंद तरी धरा. वर सांगितलेल्या चेनच्या व्हिडिओत पट्टीवरचा आकडा वाचता आला नाही तर बाकी सगळं फुकट, म्हणून असा क्षण दोनदा घ्या.

चौकटीत काय काय येतंय ते एकदा डोळ्यांखालून घाला. भिंतीवरचा कागद, बिलावरचा पत्ता, पाकिटावरचा फोन नंबर, मागच्या संगणकाचा पडदा, बसलेलं गिऱ्हाईक. कुणाचा चेहरा किंवा कुणाची वस्तू दिसणार असेल तर आधी विचारा, कुठे टाकणार तेही सांगा आणि होकार मेसेजवर लिहून घ्या. मूल दिसणार असेल तर पालकांचा होकार हवा. समाधानी गिऱ्हाइकाचं बोलणं घ्यायचं असेल तर त्याला वाक्यं पढवू नका. ‘आधी काय अडचण होती?’ एवढं विचारा आणि तो बोलेल ते येऊ द्या.

जोडणी

मोबाइलमधल्या गॅलरीतही सुरुवात आणि शेवट कापता येतो, आणि पहिल्या व्हिडिओसाठी तेवढं पुरतं. संगणक असेल तर शॉटकट हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे, डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्तीही आहे. दुसरं शिकायला जड आहे. काम तीन गोष्टींचं: चुका आणि लांबलेल्या शांतता कापणं, बोलण्यावर हातांची दृश्यं बसवणं, आणि पडद्यावर मजकूर घालणं. पानं उलटल्यासारखे किंवा फिरत येणारे परिणाम वापरू नका. सरळ कट पुरे.

सबटायटल मात्र टाळू नका. पुष्कळ लोक प्रवासात, कामावर, शेजारी कुणी झोपलेलं असताना आवाज बंद ठेवून पाहतात, आणि ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी तर तोच एक मार्ग आहे. आपोआप तयार होणारी मराठी सबटायटलं वस्तूंच्या नावांत आणि आकड्यांत हमखास चुकतात. ‘एक सोळांश’चं ‘एक सोळा’ झालं तर माणूस चांगली चेन बदलून बसेल. म्हणून ती हाताने तपासा.

संगीताबद्दल माझं मत स्पष्ट आहे: बोलण्याच्या व्हिडिओत ते नको. हवंच असेल तर यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतून घ्या आणि प्रत्येक तुकड्याची अट वाचा. चित्रपटातलं गाणं लावलं तर यूट्यूबची कंटेंट आयडी ही यंत्रणा ते ओळखते. मग गाण्याच्या मालकाचा व्हिडिओवर दावा येतो, कधी तो अडवलाही जातो. ‘तीस सेकंदांपर्यंत चालतं’ किंवा ‘श्रेय दिलं की चालतं’ असा कुठलाही सर्वमान्य नियम नाही. इन्स्टाग्रामवर व्यावसायिक खात्यांना लोकप्रिय गाण्यांचा मोठा भाग मिळत नाही, तोही याच कारणाने: ती परवानगी खाजगी वापरापुरती असते.

जोडणी झाली की कुठल्याही ॲपचा शिक्का नसलेली स्वच्छ प्रत जपून ठेवा. दुसऱ्या ॲपचा शिक्का दिसणारी रील कमी लोकांना सुचवली जाते, हे इन्स्टाग्रामने २०२१ मध्येच जाहीर केलं आहे.

कुठे टाकायचा

सगळीकडे एकदम पसरू नका. जिथे तुमचं गिऱ्हाईक शोधायला जातं ती एक जागा मुख्य धरा; बाकीच्या ठिकाणी तीच फाइल टाका.

शोधून सापडण्यासाठी यूट्यूब. शीर्षक १०० अक्षरांपर्यंत चालतं, पण मोबाइलवर सुरुवातीचा भागच दिसतो, म्हणून गिऱ्हाइकाचे शब्द आधी आणि व्यवसायाचं नाव मागे. वर्णनाच्या पहिल्या दोन ओळींत उत्तराचा सारांश आणि संपर्क द्या. आडव्या मोठ्या व्हिडिओला प्रकरणं पाडायची असतील तर वर्णनात वेळा लिहा: पहिली ०:०० हवी, निदान तीन वेळा हव्यात आणि प्रत्येक प्रकरण किमान दहा सेकंदांचं. आकडे मात्र तिथे इंग्रजी लिपीतलेच टाका. थंबनेल, म्हणजे व्हिडिओ उघडण्याआधी दिसणारं चित्र, १२८० बाय ७२० पिक्सेलचं करा. त्यावर तीन-चार शब्द आणि वस्तूचं जवळून घेतलेलं चित्र. अपलोड करताना ‘मुलांसाठी बनवलेला’ हा पर्याय चुकून निवडू नका, त्याने प्रतिक्रिया बंद होतात.

उभा व्हिडिओ तीन मिनिटांपर्यंतचा असेल तर तो शॉर्ट म्हणून धरला जातो. ही मर्यादा ऑक्टोबर २०२४ पासूनची. शॉर्टच्या वर्णनातल्या लिंकवर ऑगस्ट २०२३ अखेरपासून बोट दाबून जाता येत नाही. त्यामुळे संपर्काचा मार्ग शेवटच्या दृश्यात अक्षरांत दाखवा आणि तोंडानेही सांगा.

लोक प्रत्यक्ष येतात अशी जागा असेल तर गूगलच्या नकाशावरच्या व्यवसायनोंदीतही व्हिडिओ ठेवता येतो. तो ३० सेकंदांपर्यंतचा, ७५ एमबीच्या आतला आणि किमान ७२०पी हवा. तिथे दुरुस्तीचे धडे नकोत. रस्त्यावरून दार कुठलं, आत शिरल्यावर काय दिसतं, कोण भेटतं हे दाखवा. पहिल्यांदा येणाऱ्याला तेच हवं असतं.

व्हॉट्सॲपचं स्टेटस चोवीस तासांत नाहीसं होतं, त्यावर फार भिस्त ठेवू नका. त्याचा खरा उपयोग वेगळा आहे आणि मला तो सगळ्यांत परिणामकारक वाटतो. कुणी वहीतला प्रश्न विचारला की उत्तरादाखल त्या व्हिडिओची लिंक पाठवा, सोबत दोन ओळी स्वतःच्या. बिझनेस ॲपमध्ये अशी उत्तरं झटपट उत्तरं म्हणून साठवता येतात. एकदा घेतलेली मेहनत रोज कामी येते, आणि विचारणाऱ्याला तुम्ही खास त्याच्यासाठी वेळ दिला असं वाटतं. ते खरंही असतं.

घेतल्यानंतरच्या प्रश्नांचे व्हिडिओ बिलावर किंवा डब्यावर क्यूआर कोड छापून जोडा. तो कोड थेट एका व्हिडिओकडे नेऊ नका. यूट्यूबवर एकदा चढवलेल्या व्हिडिओची फाइल बदलता येत नाही. नवी टाकली की लिंकही नवी होते आणि छापलेले कोड वाया जातात. कोड स्वतःच्या वेबपानाकडे किंवा प्लेलिस्टकडे न्या, म्हणजे आतला व्हिडिओ हवा तेव्हा बदलता येईल.

पैसे देऊन प्रसार करायचा विचार पाच-सात व्हिडिओ होईपर्यंत बाजूला ठेवा. कुठलं उत्तर लोकांना भावतं हे कळल्यावर त्याच व्हिडिओवर खर्च करावा.

मोजायचं काय

व्ह्यूजचा आकडा मन लगेच वेधून घेतो आणि फसवतोही. मार्च २०२५ च्या अखेरीपासून यूट्यूब शॉर्टचा व्ह्यू तो सुरू होताच मोजतं, मग माणूस एका सेकंदात पुढे सरकला तरी. त्यामुळे शॉर्टचा मोठा आकडा म्हणजे तेवढ्या लोकांनी पाहिला असं होत नाही.

यूट्यूब स्टुडिओ, म्हणजे आपलं चॅनेल सांभाळायची यूट्यूबची जागा, तिथल्या दोन गोष्टी मात्र पाहण्यासारख्या आहेत. पहिली, थंबनेल दिसलेल्यांपैकी किती जणांनी ते उघडलं. यूट्यूबच्याच म्हणण्यानुसार निम्म्या चॅनेलांचं आणि व्हिडिओंचं हे प्रमाण २ ते १० टक्क्यांच्या दरम्यान असतं, तेव्हा ४ टक्के पाहून खचू नका. दुसरी, प्रेक्षक कुठपर्यंत टिकले याचा आलेख. सुरुवातीलाच रेषा कोसळली असेल तर पहिलं वाक्य बदला किंवा शीर्षकात दिलेला शब्द व्हिडिओत पाळला आहे का ते बघा. मध्येच खड्डा असेल तर तिथे तुम्ही विषय सोडला असणार. आणि जिथे रेषा वर चढते, तो भाग लोक मागे नेऊन पुन्हा पाहतायत. बहुधा ते माप असतं किंवा हाताची एखादी हालचाल. तेवढ्याच भागाचा वेगळा, सावकाश व्हिडिओ करा.

बाकीचं मोजमाप वहीतच. नवं गिऱ्हाईक आलं की ‘आमच्याबद्दल कुठून कळलं?’ हे विचारून लिहा. व्हिडिओ टाकल्यावर तो प्रश्न येणं कमी झालं का, लोक अर्धी माहिती घेऊन येऊ लागले का, समजावण्यात जाणारा वेळ घटला का, हेही टिपा. शंभर जणांनीच पाहिलेल्या व्हिडिओतून तिघे काम घेऊन आले असतील, तर तो यशस्वी व्हिडिओ आहे.

प्रतिक्रियांना उत्तर द्या, विशेषतः पहिल्या दिवसांत. टीका बरोबर असेल तर आभार मानून दुरुस्ती लिहा आणि ती प्रतिक्रिया वर पिन करा. शिवीगाळ काढून टाका; नाराजी काढून टाकू नका, तिला दिलेलं शांत उत्तर पुढच्या प्रत्येक वाचणाऱ्याला दिसतं. प्रतिक्रियांतले नवे प्रश्न परत वहीत जातात, आणि पुढच्या बैठकीचे विषय तिथून मिळतात.

वेग आणि डागडुजी

आठवड्याला एक जमला तर उत्तम, पंधरवड्याला एक असला तरी पुरे. झेपेल तोच वेग ठरवा. ठरावीक काळात वाढणाऱ्या प्रश्नांचे व्हिडिओ महिनाभर आधी टाका. शोध सुरू होतो तेव्हा ते तिथे असायला हवेत.

वर्षातून एकदा सगळे व्हिडिओ स्वतः पाहा. बदललेला फोन नंबर, बंद झालेली वस्तू, जुनी किंमत, आता तुम्ही वेगळ्या पद्धतीने करता ते काम शोधा. किरकोळ बदल असेल तर वर्णनात पहिल्या ओळीत लिहा आणि तीच ओळ प्रतिक्रियांत पिन करा. चुकीचा तुकडा कापायचा असेल तर यूट्यूबच्या संपादकात तेवढा काढता येतो आणि लिंक तीच राहते. उत्तरच बदललं असेल तर नवा व्हिडिओ करा, जुन्याच्या वर्णनात नव्याची लिंक द्या आणि जुना ‘अनलिस्टेड’ करा. त्यामुळे तो शोधात येत नाही, पण ज्यांच्याकडे जुनी लिंक आहे ते वर्णनातून नव्या उत्तरापर्यंत पोहोचतात.